मांदुवीच्या ढोलीतली तीन पिल्लं

ओदेतेचा हात लहानपणी इतका बारीक होता की टूकन या मोठ्या चोचीच्या पक्ष्याच्या ढोलीत तो खांद्यापर्यंत जायचा. तिच्या बापाला, अनास्तासियोला, पाच पोरं होती, पण असा हात हिचाच. त्यामुळे पुराचं पाणी ओसरून कुरणं सुकली आणि टूकनच्या ढोल्यांत पिल्लं झाली की बाप तिला दोराच्या फासात बसवून झाडावर चढवायचा आणि स्वतः बुंध्याशी उभा राहून सांगायचा, "डोळे उघडलेली असतील तरच काढ. आंधळी असतील तर राहू दे, आठवड्यानं परत येऊ." आठव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत तिनं हे काम केलं. पुढे हात भरला, आणि बापानं तिच्या धाकट्या बहिणीकडे नजर वळवली.

पिल्लांचा स्पर्श मात्र तिच्या बोटांतून कधी गेला नाही. आत कसलं घरटं नसायचं. गवत नाही, पिसं नाही, नुसता ढोलीचा तळ आणि त्यावर आईबापांनी ओकलेल्या बियांचा थर. त्या बियांवर उघडीबंब पिल्लं एकमेकांच्या अंगावर मान टाकून बसलेली असायची. त्यांच्या टाचांना खडबडीत गाद्या असायच्या, त्या तिच्या तळहाताला घासायच्या. खाली पिल्लं विकत घेणारा एक माणूस ट्रक घेऊन थांबलेला असायचा. पिल्लं त्याच्या खोक्यात गेली की पुढे त्यांचं काय होतं, हे तिनं कधी पाहिलं नाही, विचारलंही नाही.

लग्न होऊन ती जोव्हिनोच्या मागोमाग एका मोठ्या फाझेंदावर, गुरांच्या मळ्यावर, आली. तो घोड्यावरचा गुराखी, ती मजुरांची स्वयंपाकीण. तीस वर्षं तिनं त्याच चुलीवर भात आणि सुकवलेलं मांस शिजवलं. एक मुलगी झाली, ती शिकून शहरात गेली. स्वयंपाकघराच्या मागे, गुरांच्या कुंपणाला लागून, मांदुवीचं एक जुनं झाड होतं. त्याच्या खोडात दोन-अडीच पुरुष उंचीवर फांदी तुटून पडलेली ढोली होती. ओदेते पंचेचाळिशीला आली त्या वर्षी टूकनच्या एका जोडीनं ती ढोली धरली, आणि तेव्हापासून दुपारची भांडी आवरली की ती मागच्या पायरीवर तेरेरेचा, पाल्याच्या गार चहाचा, पेला घेऊन बसायला लागली.

अकरा वर्षं ती बसली. कोणी शिकवलं नाही, पण तिला सगळं ठाऊक झालं. दोघं मिळून ढोलीचा सडका गाभा चोचीनं कोरून टाकतात. मादी दोन-तीन, क्वचित चार पांढरी अंडी घालते. अंड्यांवर दोघंही पाळीपाळीनं बसतात, पण बसण्यात धीर नसतो. जरा वेळ झाला की बाहेर डोकावायचं, उडून जायचं, परत यायचं. सतरा-अठरा दिवसांनी अंड्यांतून पिल्लं निघतात. तीन आठवडे आंधळी असतात. आईबाप आधी किडे भरवतात, मग फळं. दीड महिना उलटला की एक दिवस ढोलीच्या तोंडाशी छोटी चोच दिसते, आणि मग ती जागा पुढच्या वर्षापर्यंत रिकामी.

जोव्हिनो तिची थट्टा करायचा. "तुझ्या त्या लाडक्या चोरांनी आज नदीकडच्या निळ्या मकाव पोपटाची अंडी खाल्ली बघ. वर त्या चोचीची मिजास कशी."

"खाणारच. पोरं आहेत त्यांना घरात," ती म्हणायची.

बापाच्या वेळची गोष्ट तिनं नवऱ्याला एकदाच सांगितली होती. त्यानं ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही, याबद्दल ती मनातून त्याची ऋणी होती. ढोलीत परत कधी हात घालायचा नाही, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं. ते ठरवणं कोणापुढे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

मग ते कोरडं वर्ष आलं. नदी कुरणांत शिरलीच नाही. जूनमध्ये जिथं होड्या चालायच्या तिथं गुरं धूळ उडवत चालली. ऑगस्टमध्ये क्षितिजावर धूर दिसायला लागला आणि तो तिथंच राहिला, कधी उत्तरेला, कधी पश्चिमेला. जोडीनं त्या वर्षीही अंडी घातली. पिल्लं निघाल्याचं ओदेतेला आईबापांच्या चोचीतल्या किड्यांवरून कळलं, आणि तिनं दिवस मोजायला घेतले. तेहतिसाव्या दिवशी वारा फिरला.

सकाळी दहाला मुकादम जेर्मानो ओरडत आला की आग ओढा ओलांडून अलीकडे आलीय, बायकामाणसांनी ट्रकमध्ये बसून नदीकाठच्या वस्तीवर जायचं, अर्ध्या तासात निघायचं. पुरुष ट्रॅक्टरनं जमीन उकरून आग अडवायला मोकळा पट्टा आखत होते. जोव्हिनो घोड्यांना पाणी पाजायला आला तेव्हा ओदेते तबेल्याची शिडी ओढत नेत होती. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"नको हात घालूस," तो म्हणाला.

"आग इथवर आली तर?"

"आली तर आली. नाही आली तर? आईबाप आहेत त्यांचे, बघतील."

"आगीपुढे आईबाप काय करणार, जोव्हिनो? दोघं उडून जातील. पिल्लांना उडता येत नाही अजून."

तिच्यासाठी शिडी त्यानंच धरली, कारण ती छप्पन्न वर्षांची होती आणि पडली असती. शिडी संपली तिथून पुढे दोराचा फास टाकून ती चढली. खोडाला कुठे टाच लावायची ते पायांच्या अजून लक्षात होतं. नर समोरच्या फांदीवर बसून चोच आपटत होता. मादी धुरात कुठेतरी ओरडत होती. हात आता जाडजूड झालेला, ढोलीचं तोंड अरुंद. तिनं तो कातडी सोलत आत घातला. बोटांना आधी बिया लागल्या, मग ऊब.

तीन होती. थोरल्या दोघांना काळी पिसं फुटलेली, धाकटं अजून अर्धं उघडं. तिनं एकेक करून त्यांना ओच्यात घेतलं. खाली उतरली तेव्हा जेर्मानो ट्रकचा हॉर्न वाजवत होता.

नदीकाठच्या वस्तीवर शाळेच्या वर्गात सगळ्यांची सोय केली होती. ओदेतेनं पिल्लं कांद्याच्या करंडीत जुन्या शर्टावर ठेवली, पपई कुस्करून बोटानं भरवली. थोरल्या दोघांनी गिळली. धाकटं चोच उघडायचं आणि मिटायचं. त्याला तहान लागली असेल असं वाटून तिनं चमच्यानं पाणी घातलं. पाणी नरड्यात गेलं की भलतीकडे, ते तिला कळलं नाही. पिल्लू खोकल्यासारखं हललं, दोनदा मान उंचावली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत करंडीच्या कडेला मान टाकून गेलं.

शेजारी अंथरूण घातलेल्या म्हाताऱ्या लेओकादियाबाईनं तिला सांगितलं, पक्ष्याच्या पिल्लाला पाणी पाजायचं नसतं गं, त्याचं पाणी फळातूनच येतं. ओदेतेनं मान हलवली. झाडावरून पिल्लू काढायचं कसं हे तिला सहा वर्षं शिकवलं गेलं होतं. काढल्यावर जगवायचं कसं हे कोणीच दाखवलं नव्हतं. आपल्या हातून गेलेल्या त्या सगळ्या पिल्लांचं खोक्यात काय झालं असेल, हे तिला त्या वर्गात बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं. तिनं लहान पिल्लू शर्टाच्या बाहीत गुंडाळून नदीच्या वाळूत पुरलं.

तिसऱ्या दिवशी होडीतून जनावरांचे डॉक्टर आले. भाजलेली हरणं, कासवं, काय काय त्यांच्याजवळ होतं. हेलोइझा नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईनं करंडी पाहिली आणि म्हणाली, ही दोघं इथं जगायची नाहीत, आम्ही शहरातल्या केंद्रात नेतो. ओदेतेनं दिली. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

पाचव्या दिवशी जोव्हिनो घोड्यावरून आला. भुवया जळालेल्या, डोळे लाल. बायकोनं दिलेला भात तो उभ्यानंच खाऊ लागला आणि सांगू लागला. दक्षिणेची कुरणं गेली. साठ-सत्तर गुरं गेली. मजुरांच्या खोल्यांचं छप्पर गेलं. पट्ट्यापाशी वारा पडला, त्यामुळे स्वयंपाकघर वाचलं.

"आणि झाड?"

तो चावत राहिला.

"जोव्हिनो, झाड?"

"उभं आहे," तो म्हणाला. "पानसुद्धा करपलं नाही."

ती बाकावर बसली. मग तिनं विचारलं, "ती दोघं?"

"येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे येतात, ओदेते. नदीकडून फळ आणतात. आत जातात. बाहेर येतात तेव्हा फळ चोचीतच असतं. मग थोडा वेळ तिथंच बसतात, आणि परत आत जातात." त्यानं ताटली खाली ठेवली. "मी तुला सांगणार नव्हतो."

त्यानं दोष दिला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो घोड्याला पाणी पाजायला निघून गेला.

ओदेतेनं शाळेच्या फोनवरून केंद्रात फोन लावला. तीनदा लागला नाही, चौथ्यांदा हेलोइझा बोलली. दोघांपैकी एक वाटेतच गेलं होतं, उष्म्यानं. दुसरं खात होतं. ओदेते म्हणाली, ते परत आणून द्या, आईबाप अजून ढोलीवर येताहेत, मी स्वतः चढून ठेवते. मग डॉक्टरीणबाईनं सांगितलं की रस्त्यावरचे लाकडी पूल जळालेत, एकही गाडी सोडत नाहीत, होड्या भाजलेल्या जनावरांसाठी अडकल्यात, दहा-बारा दिवस तरी नाही.

"दहा दिवस ती थांबायची नाहीत."

"नाही थांबणार," हेलोइझा म्हणाली. "ओदेतेबाई, तुम्ही त्याला वाचवलंत असं समजा."

"कशापासून?" ओदेतेनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

सहाव्या दिवशी ती फाझेंदावर परतली. मागच्या दाराची कडी तिनं काढली नाही, पण खिडकीतून दिसायचं ते दिसलंच. मादी आली. चोचीत लाल फळ होतं. मानेपर्यंत आत गेली, मग सगळीच आत गेली, शेपटी आत ओढून. ओदेतेनं मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली आणि सत्तरला सोडून दिली. मादी बाहेर आली तेव्हा फळ होतंच. ढोलीच्या काठावर बसून तिनं ते खाली टाकलं. असं आणखी चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी फक्त नर आला, आणि त्यानंतर कोणी नाही.

डिसेंबरात पूल दुरुस्त झाले. ओदेते बसनं केंद्रात गेली, एकटीच. पिल्लाला पुरती पिसं आली होती, छाती पांढरीशुभ्र. पण कोवळ्या वयात हवं ते पोटात न गेल्यानं चोचीची दोन्ही टोकं वळून एकमेकांवर चढली होती. फळ सोलता येत नव्हतं. रानात सोडलं तर आठवड्याभरात मरेल, असं हेलोइझानं सरळ सांगितलं. इथंच राहील, वीस वर्षंसुद्धा जगेल. तिथल्या पोरींनी त्याला नाव ठेवलं होतं. त्या सांगू लागल्या तर ओदेते म्हणाली, मला नको सांगू बाई.

ती जाळीशी गेली तसं ते उडत आलं, तिच्यासमोर बसलं आणि वाकडी चोच उघडून घशातून घरघरत मान हलवू लागलं, ढोलीतल्या पिल्लासारखं. कोणीही समोर आलं की असंच करतं, असं हेलोइझा म्हणाली. कोणीतरी ओदेतेच्या हातात पपईची फोड दिली. तिनं ती जाळीतून दिली नाही. खाली ठेवली आणि बाहेर येऊन बसच्या थांब्यावर दीड तास बसून राहिली.

घरी आल्यावर जोव्हिनोनं विचारलं, कसं आहे. ती म्हणाली, खातंय.

पुढच्या वर्षी नदीला थोडं पाणी आलं. टूकनची जोडी आली नाही. ती दुसरीकडे कुठे बसली, की धुरानं मेली, हे कळायला मार्ग नव्हता. जुलैत निळ्या मकावची एक जोडी मांदुवीवर उतरली आणि ढोलीत डोकं घालून आतलं लाकूड कुरतडायला लागली. जोव्हिनो कुंपणापाशी काम करत होता. त्याला आनंद झाला. "ओदेते, ये बघ, ढोली घेतली कोणीतरी," त्यानं हाक मारली.

ती आत तांदूळ निवडत होती. तिला ऐकू गेलं, पण हात तांदळातच राहिले. तो थोडा वेळ दाराकडे बघत उभा राहिला, त्यानं आणखी एक हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग न मारताच कामाला लागला.