मूळ आडनाव

लेकीच्या वर्गाची सहल शहरातल्या होलोकॉस्ट म्युझियमला निघाली, तेव्हा मी हौसेनं व्हॉलंटिअर केलं. सोबत तिच्या मैत्रिणीची आई होती. इथे अमेरिकेत आमच्याच ट्रॉय गावात राहणारी, मराठीच; लेक तिला काकू म्हणते. बसमध्ये बसल्या बसल्या काकूंनी नेहमीचा प्रश्न काढला, "तुमचं आडनाव गावावरून पडलेलं दिसतं. मग मूळ कुठलं?"

"मूळ पुण्याचेच आम्ही," म्हणून मी हसण्यावारी नेलं. माणसांना व्हिसा लागतो, ह्या प्रश्नाला नाही. आम्ही दलित. कॉलेजला जाईपर्यंत लेकीला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं नवऱ्याचं आणि माझं ठरलं होतं. उगाच पोरीच्या डोक्याला ताप कशाला?

म्युझियममध्ये मुलांवर लक्ष ठेवायचं सोडून मीच प्रत्येक पाटी वाचत सुटले. जन्माची भोचक मी! एका काचेमागे लाटणं दिसलं. हे कुणाचं, काय लाटायचे, मी गाईडबाईंना विचारलं. "माझ्या आजीचं. शेवया करायची," त्या म्हणाल्या. बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांची ज्यू आई युद्धाच्या काळात खोट्या नावानं परगावी लपली होती. शेजारीण सूप आणून द्यायची आणि दर वेळी विचारायची, तुमचं खरं घराणं कुठलं? आईला दरदरून घाम फुटायचा.

"शेजारीण वाईट नव्हती," बाई म्हणाल्या. "नुसती चौकस होती."

लेक माझ्याकडे बघायला लागली. "आई, काकू पण सेम विचारते. व्हाय?"

काकू हातभर अंतरावर. 'घरी गेल्यावर सांगते' अगदी जिभेवर आलं होतं. पण मग मलाच माझा राग आला. घरी तरी काय वेगळं सांगणार होते?

"कारण आडनावावरून जात कळते," मी म्हटलं. "आपण दलित आहोत. ते कळलं की काही लोक आपल्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत. इथे राहूनही. ह्या बाईंच्या घरच्यांवर आलं ते फार भयंकर होतं, त्याची आणि आपली बरोबरी नाही. पण काकू का विचारतात, ते हे."

मला वाटलं रडेल. ती काकूंकडे वळली. एरवी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी पोरगी, सावकाश शब्द जुळवत म्हणाली, "काकू, तुम्हाला आधीच कळलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

काकूंनी पर्सची चेन उघडली, परत लावली. इतक्या वर्षांत मला हे कुणालाच विचारता आलं नव्हतं. आम्ही दोघी उत्तरासाठी थांबलो.