एकदाच जेवायचा दिवस

"येतो म्हनलं ना वकीलसाहेब, येतो. माह्याशिवाय कोन बसन तुमच्या आबांच्या पानावर? पन एक आताच सांगून ठेवतो, मले खिरीचा आग्रह कराचा नाई... हाव, हाव, मालूम हाय मले. पन पोटच कापून बारकं केल्यावर त्याच्यात मावन किती? तुमी मले जेवाले बोलावून राह्यले का उलटतपासनी घ्याले?"

उद्धव महाराजांनी फोन बंडीच्या खिशात टाकला आणि ओट्यावरच टेकले. पितरांचा पंधरवडा अर्धा उरकला होता. अकोल्याच्या जुन्या शहरात या दिवसांत भटजीला पाय टेकायला सवड नसते. घराघरांतून तिथ्या, घराघरांतून पानं.

आत त्यांची बायको गोदावरी सुपात मूग निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काय म्हनते खुशालराव?"

"म्हनते, मांगच्या साली चार वाट्या खीर खाल्ली, तं यंदा काहून नाई?"

बोलून गेला आणि उद्धवच्या ध्यानात आलं, आपणच आपल्या हातानं दोर कापला. गोदावरीचा हात सुपात थांबला होता.

"चार? मले तं अर्धी सांगतली होती तुमी."

"अर्धी अर्धी करता करता झाल्या."

"वा! असं अर्धं अर्धं करूनच पयलेबी पोट वाढलं होतं तुमचं."

हे मात्र खरं होतं. एके काळी उद्धव महाराज म्हणजे जुन्या शहरातलं नावाजलेलं पोट. पंगतीत ते बसले की वाढप्या त्यांच्यापुढून हलायचाच नाही. पोरं मोजायला उभी राहायची. यजमानाला अभिमान, आपल्या घरी भटजी कसा हात सोडून जेवला. जेवणं हा त्याच्या धंद्याचाच अर्धा भाग होता. मंत्र म्हणणारे पुष्कळ, पण पुरणपोळ्यांची चवड उतरवणारा हा एकच. पुढं ते पोट असं चढून बसलं की पाटावरून उठायला दोघं लागायचे. गुडघे गेले, साखर वाढली, रात्री झोपेत श्वास अडकायचा. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटामागं उभ्या उभ्याच घोरला. तेव्हा घरच्यांनी उचलून नागपूरला नेला आणि पोट कापून केळ्याएवढं करून आणला.

त्याला सात वर्षं झाली. पहिल्या दीड-दोन वर्षांत माणूस असा वाळला की यजमान गोदावरीला बाजूला घेऊन हळूच विचारायचे, काई वंगाळ तं नाई ना निंघालं? गोळ्या सुटल्या. स्कूटरवर बसता यायला लागलं. मग कधी, कसं, कोणाला कळलं नाही, पण अंग पुन्हा भरत गेलं. प्यांटवाल्याला पट्टा सांगतो. धोतर काही बोलत नाही; तीन माणसं मावतील इतकं ते आधीपासूनच असतं.

बोलली ती अमरावतीची बाई. वर्षातून एकदा तिथं दाखवायला जावं लागे. आहार सांगणारी डॉक्टरीण, वयानं पोरीसारखी. पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात हे दोघं गेले, तेव्हा तिनं काट्याकडे पाहिलं, रक्ताच्या कागदाकडे पाहिलं, आणि विचारलं, "काका, दिवसभरात काय काय खाता?"

"दोन टाइम. इतुसं." उद्धवनं ओंजळसुद्धा पुरी केली नाही.

"मधे?"

"मधे काईच नाई."

"आन् प्रसाद?" गोदावरी शेजारून म्हणाली.

"प्रसाद काय जेवन असते काय?"

डॉक्टरीण हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "कोणता प्रसाद?"

मग निघायला लागलं. सत्यनारायणाचा शिरा. वास्तुशांतीचे पेढे. अभिषेकाचं पंचामृत. पूजा झाल्यावर 'घोटभर' दूध. प्रसादाला नाही म्हणू नये, ही गोष्ट त्याच्या हाडात मुरलेली. उपासालासुद्धा चालतो तो, मग जेवणात कसा धरायचा? आयुष्यभर त्यानं धरलाच नव्हता.

बाईनं शांतपणे समजावलं. मऊ, पातळ, गोड ते त्या बारक्या पोटात थांबतच नाही, घसरून जातं. म्हणून कितीही खपतं आणि तासाभरात पुन्हा भूक. घट्ट खा. डाळ, उसळ, पनीर, आधी ते. घास बारीक, चावून चावून. जेवताना पाणी नको, पाण्याबरोबर सगळं वाहून जातं. "भरलेलं पोट भरलेलं राहिलं पाहिजे काका. नाहीतर दिवाळीनंतर साखरेच्या गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागतील. आणि वजन असंच चढलं तर गुडघेही."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली. खिडकीखाली गरम भज्यांचा वास. उद्धवनं गोदावरीकडे पाहिलं. तिनं पिशवीतून भाजलेल्या चण्यांची पुडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. बडनेऱ्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

आता सूप बाजूला सारून ती बोलली.

"पितराचं जेवन म्हनजे त्या दिवशी दुसऱ्यांदा तोंड खरकटं कराचं नाई. तुमचंच शास्त्र ना हे?"

"हाव."

"मंग मांगच्या साली चार वाट्या खीर खाऊन तुमी दिवे लागता लागता मंदिरात काहून गेलते?"

उद्धवनं बंडीच्या खिशातला फोन उगाच काढून पाहिला.

"शिरा हुडकत गेलते. प्रसाद म्हनून. मले का समजत नाई? आबांचं पोट भरलं असन का नसन, मले ठाव नाई. तुमचं तं भरलं नव्हतं."

श्राद्धाला जेवलेल्यानं त्या दिवशी प्रवास करू नये, ओझं उचलू नये, अशी आणखीही बंधनं आहेत. स्कूटरवाल्या भटजीची ती कधीच सुटली होती. हे एकच त्यानं धरलं होतं, एकदाच जेवायचं. आणि तेही शिऱ्यानं पोखरलं होतं. त्याला एकदम फार थकवा आला. चालून आल्याचा नव्हता. सात वर्षं रोज, प्रत्येक घरात, प्रत्येक ताटापुढं 'नको' म्हणायचं आणि मग त्या 'नको'ची समजूत काढायची, त्याचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खुशालरावांच्या घरी गेला.

खुशालराव म्हणजे कोर्टात चाळीस वर्षं घालवलेला माणूस. वकिली सुटली, सवय सुटली नाही. बायको वारली, मुलगा नोकरीवर बाहेरगावी; घरात सून रागिणी. आबा म्हणजे त्यांचे वडील. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्यांचा जबडा खाल्ला. शेवटचे महिने नाकातल्या नळीतून जे जाईल तेच. बोलता येत नव्हतं. उद्धव भेटायला गेला तेव्हा आबांनी त्याच्या त्या वेळच्या टम्म पोटावर हात ठेवला, मग स्वतःच्या खपाटीला गेलेल्या पोटावर ठेवला, आणि मुलाकडे पाहिलं. खुशालराव समजले. तेव्हापासून आबांच्या पानावर उद्धव, दुसरा कोणी नाही. उद्धवचं पोट कापलं गेलं ते आबा गेल्यावर. पण करार आधीचा.

हल्ली एका घरी दोन ब्राह्मण मिळत नाहीत. देवांच्या पानावर ब्राह्मणाऐवजी दर्भाच्या जुडीचा चट मांडला, सगळा विधी उद्धवनंच सांगितला आणि मग आबांच्या जागी तोच बसला. बसण्याआधी रागिणीला म्हणाला, "सूनबाई, मुगाचं वरन घट्ट ठेवलं ना?"

"चमचा उभा राह्यते काका."

"शाबास."

एकदा आपोशनाचा घोट घेतला की श्राद्धाच्या पानावर बोलायचं नसतं. उद्धवनं तेवढाच घोट घेतला आणि तांब्या लांब सारला. उडदाच्या वड्याचा चिमणीच्या चोचीएवढा तुकडा मोडला. चावत बसला. पुढं सोवळं नेसलेले खुशालराव, मांडीशी खिरीचं पातेलं.

"महाराज, खीर घ्या."

उद्धवनं पानावर हात आडवा धरला.

"आबांले भल्ली आवडे."

हात तसाच.

"मांगच्या साली चार घेतल्या. या साली एकही नाई. काय बदललं? पोट तेच, पान तेच, खीर तीच." खुशालराव न बोलणाऱ्या साक्षीदाराची तपासणी घेत होते, आणि साक्षीदार वडा चावत होता. "तोंडात घास नाई गेला त्याइच्या शेवटी. घास! पानी गेलं नाई. अन् तुमी पोपटासारकं कुरतडून राह्यले?"

"बाबा, जेवू द्या त्याइले," दारातून रागिणी म्हणाली.

"मी कुठी धरून राह्यलो त्याचा हात?"

उद्धवनं पातेल्याकडे पाहिलं. जायफळाचा वास येत होता. त्याला पक्कं ठाऊक होतं, खीर गेली असती. एक वाटी, दोन, चार, सुळसुळत गेली असती. हा म्हातारा खूश झाला असता, जागा पक्की झाली असती, आणि अर्ध्या तासानं आपण ओट्यावर घाम पुसत बसलो असतो, काळीज धडधडत. मागच्या साली तसंच झालं. खुशालरावांना वाटलं होतं, जेवण अंगी लागलं. संध्याकाळी मग आतड्यात उंदीर, आणि मंदिराची पायरी.

त्यानं खिरीवरची नजर काढून मुगावर ठेवली. दोन वडे, मूग, कारल्याच्या चार फोडी, पोळीचा कोपरा. त्यालाच इतका वेळ लागला की रागिणी दोनदा बसून उठली. मग छातीच्या हाडाखाली ते ओळखीचं जड झालं, नाकातून पाणी आलं. हीच खूण. याच्यापुढं एक घास म्हणजे ओकायला मोरीकडं धावत जाणं. उद्धवनं हात आखडला.

पान अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. खुशालरावांनी ते पाहिलं. आता विचारायची वेळ होती आणि ते विचारत नव्हते. पातेल्यावरची माशी हाकलली, जानवं नीट केलं. शेवटी जड आवाजात, "तृप्त झाले?"

"तृप्तोऽस्मि."

"खोटं."

श्राद्धाच्या विधीत असं उत्तर कुठंच नाही. रागिणीनं पदर तोंडाला लावला. उद्धवनं शेवटचं आपोशन घेतलं, उठून हात धुतले, तोंड पुसलं, आणि मौन सुटल्यावर बोलला.

"वकीलसाहेब, खोटं मांगच्या साली बोल्लो होतो. चार वाट्या खाऊन भुकेला उठलो इथून. संध्याकाळी मंदिरात जाऊन शिरा खाल्ला. यंदा पोट भरलं. तुमाले दिसून नाई राह्यलं, ते अलग."

खुशालरावांनी हातातला डाव पातेल्यात ठेवला.

"म्हनजे मांगच्या साली आबा उपाशी गेले?"

"ते मी काय सांगू? मी माह्या पोटाचं सांगतलं."

"अन् त्याच्या आंधी?"

"त्याच्या आंधी तं मी ढीग खात होतो, तरी नजर दुसऱ्याच्या पानावर राहे. आबा असताना, दुसऱ्या पितरांच्या पानावर, पयलेच्या पोटानं, या घरी मी किती डाव तृप्तोऽस्मि म्हनलं असन. येकही डाव खरं नव्हतं."

खुशालरावांनी हे मनात कुठंतरी मांडून ठेवलं असावं. निकाल काही दिला नाही. पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाले, "पुढच्या साली पाह्यतो मंग. एखादा तरना पोट्टा भेटला तं."

"पाहा," उद्धव म्हणाला. त्यात राग नव्हता. चपला शोधताना त्याला वाटलं, आबांचा तो हात अजून आपल्या पोटावर आहे आणि पोट त्याच्या खालून केव्हाच सरकून गेलं आहे. आता कोणी धरून बसावं, कोणी सोडावं, त्याला तो काय करणार?

रागिणी डबा घेऊन दारापर्यंत आली. "काकूंले खीर घेऊन जा."

"नको वं माय. घरी पोचेपर्यंत खिरीचा प्रसाद होते."

ती हसली. आतून खुशालरावांचा आवाज आला, "काय म्हनते तो?" तिनं सांगितलं नाही.

डाबकी रोडवर एका शिक्षकाच्या घरी तर्पण व्हायचं होतं. उन्हात स्कूटर तापली होती. वाटेत चहाच्या टपरीवर ओळखीच्या दोघांनी हात केला. उद्धवनं हातानंच नाही म्हटलं आणि पुढं गेला. छातीखालचं जड अजून जागेवर होतं. संध्याकाळपर्यंत राहील? रात्री? सांगता येत नव्हतं. उद्या दुसरं घर, परवा तिसरं, आणि प्रत्येक घरी एक पातेलं.

शिक्षक दारातच उभे होते. "या महाराज. उन्हाचे आले, चहा घ्या पयले. नाईतं थोडं दूध?"

"काई नको. जेवून आलो," उद्धव म्हणाला, आणि मांडी घालून पळीपंचपात्र पुढं ओढलं. "बसा. तोंड दक्षिनेकडं करा. जानवं उजव्या खांद्यावर घ्या... उजव्या, गुरुजी, उजव्या."