तळेगावच्या तोरणाखाली पोलंडचा बाबा

तळेगावच्या रूपरावाला गर्व दोनच गोष्टींचा: आपण चौथी पास आहोत याचा आणि झडतीचा. पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की एकमेकांना चिमटे काढणारी कवनं म्हणायची, ती झडती. जो समोरच्याला गप्प करील, त्याची जोडी तोरणाखालून पहिली निघणार. तीन पिढ्या हा मान रूपरावाच्याच घरी. बापानं मरताना शेत कोणाचं ते सांगितलं नाही, पण झडत्या पाठ करून घेतल्या.

एकोणऐंशी साली तो मान गेला. नेला चंद्रभानानं. हा आर्वीच्या एका कापसाच्या जिनात कामाला, लाल झेंड्याचा पक्का, देव्हाऱ्याच्या कोनाड्यात चुन्याची डबी ठेवणारा. रूपरावाच्या रोडक्या जोडीकडे बोट करून म्हणाला,

"गळ्यात माळ, कपाळी गंध,
बैल उपाशी, मालक भजनात धुंद!"

शेवटची 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' ही ओळ चंद्रभान कधी म्हणत नसे. तेवढं काम गावाकडे. पण ती ओळ झाल्याशिवाय झडती पुरी होत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. गावानं ती अशी ठोकून म्हटली, की रूपरावाचे बैलसुद्धा माना डोलवू लागले.

पुढे वर्षभर पानठेल्यावर एकच विचारणा: "काऊन गा रूपराव, बैल जेवले का?"

त्याच पानठेल्यावर चंद्रभान रोज पेपर मोठ्यानं वाचायचा. ऐंशीच्या पोळ्याआधी मात्र एक पान तो दुमडून ठेवू लागला.

"मंधातलं पान काऊन दुमडून राह्यला?"

"जाहिराती आहेत."

खरजेच्या मलमाची जाहिरातही चवीनं वाचणारा हा माणूस! रूपरावाला वास आला. दोन दिवसांनी तेच पान आलुबोंड्याखाली हाती लागलं. त्यानं आधी बोंडा खाल्ला, मग तेल पुसून बातमी वाचली.

पोलंड नावाच्या देशात मजुरांचं राज्य, आणि मजूरच संपावर! जहाजं बांधायच्या कारखान्याच्या फाटकावर त्यांनी पोपचा फोटो टांगलेला. हे कॅथलिकांचे सगळ्यात मोठे धर्मगुरू, त्याच मातीतले. आदल्या साली गावी आले, तर लाखो माणसं गाणी म्हणत जमली आणि देव न मानणारं सरकार कोपऱ्यातून पाहत बसलं.

रूपरावानं फोटो कापून घरी आणला. त्याच्या बायकोनं, देवकाबाईनं, पांढरी टोपी पाहिली, पांढरा झगा पाहिला आणि सरळ हळदकुंकू लावलं. "सेवाग्रामले आले काय हे बाबा? जेवाले बोलवा न!"

पोळ्याच्या दिवशी बाबा कुंकवासकट तोरणाला लटकले. रूपराव गरजला,

"लाल झेंडा, मजुराचं राज,
मजूरच संपावर बसले आज!
फाटकावर फोटो, हाती जपमाळ,
सरकार म्हणे, बाबा, आता सांभाळ!"

चंद्रभानाच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा तोंडातच राहिला. मान घरी परतला. एक्क्याऐंशीलाही रूपरावानं तीच झडती फिरवून म्हटली आणि मान राखला.

पण त्या डिसेंबरात पोलंडमध्ये फौज रस्त्यावर उतरली, युनियनवाले तुरुंगात गेले. रूपरावाची भूक मेली. आता चंद्रभान विचारणार, कुठं गेला तुझा बाबा? त्यानं उत्तरादाखल सात झडत्या रचल्या. देवकाबाई म्हणाली, "त्यापेक्षा बैलाईले सरकीची ढेप चारा. हरले त्या साली त्यायनंच तर नाक कापलं होतं."

ब्याऐंशीचा पोळा आला. चंद्रभान पुढे झाला. त्यानं रूपरावाकडे पाहिलंच नाही, पाहिलं ते आपल्याच बैलाच्या शिंगाला बांधलेल्या लाल फडक्याकडे.

"रणगाडा आला मजुराच्या दारी,
लाल रंग लावून होते का यारी?"

आणि थांबला. हसावं की टाळी वाजवावी, कोणालाच कळेना. शेवटची ओळ म्हणायला एक माणूस तोंड उघडेना. ती राहिली तर झडती फुकट. मान रूपरावाचाच.

रूपरावाच्या ओठांवर सात झडत्या तयार होत्या. त्यानं त्या गिळल्या, छाती फुगवली आणि ओरडला,

"एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" गाव भानावर आलं. चंद्रभानाची जोडी पहिली निघाली.

घरी देवकाबाई ओवाळायला उभीच होती. "हरले न?"

"हरलो नाई. त्याची ओळ म्या म्हटली."

"म्हंजे हरले." तिनं बैलांना पुरणपोळी भरवली आणि उरलेली अर्धी रूपरावाच्या हातावर ठेवली.