इव्हॉनच्या तंबूची चौथी बाजू

इव्हॉन सकाळी उठला की घड्याळ बघायचा नाही, नदी बघायचा. चहा पिताना टोपी ठेवायचा, जेवताना काढायचा. खिशात वाळलेल्या साल्मन माशाचा तुकडा असायचा, आणि चर्चमध्ये तो हटकून वास द्यायचा. डास मारण्याआधी त्याची माफी मागायचा, मग मारायचा. 'हो' म्हणायचं असलं की नुसत्या भुवया वर करायचा. फोनवरही. त्यामुळे फोनवर त्याचा होकार कुणाला कधी कळला नाही.

आणि शिकारीला निघताना 'शिकारीला निघालो' असं म्हणायचा नाही.

ही शेवटची सवय त्याच्या एकट्याची नव्हती, अलास्कातल्या त्या कुस्कोक्विम नदीकाठच्या सगळ्या गावाची होती. मूस, म्हणजे घोड्याहून उंच असा तिथला सांबर, मारणार असं जो तोंडाने म्हणेल, त्याचं बोलणं मूसला ऐकू जातं आणि तो दुसऱ्या काठाने निघून जातो. म्हणून सप्टेंबरात गाव होड्यांत बंदुका, कुऱ्हाडी, शेगड्या भरायचं आणि एकमेकांना सांगायचं, "जरा वर जाऊन येतो. वारा बरा असला तर."

इव्हॉन आणि त्याची बायको ओलिंका लग्न झाल्यापासून असे 'जरा वर' जाऊन येत होते. तंबू इव्हॉनच्या वडिलांच्या वेळचा, कॅनव्हासचा. पावसात त्याला आतून बोट लावलं की तिथून गळायला लागायचं. कुठे गळेल ते बोट लावून दाखवायची इव्हॉनला सवय होती. मागच्या वर्षी त्याने ओलिंकाच्या उशीच्या वरच दाखवलं. शिवाय भिंतींखालून बारीक काळ्या माशा आत आल्या. सकाळी ओलिंकाचे दोन्ही डोळे सुजून बंद.

"पुढच्या वर्षी तुम्ही एकटे जा," ती न बघताच म्हणाली. "मी घरी टीव्ही बघेन. त्याला डोळे लागतात."

ती बोलली की बोलली. पण तिला सोडून जाणं इव्हॉनला जमणार नव्हतं. मूस नेम बघून येत नाही, ज्या बाईच्या हातून मांस आधी म्हाताऱ्यांच्या घरी जातं तिच्याकडे येतो, असं त्याची आई सांगायची. दुसरं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही. ओलिंकाच्या घोरण्याशिवाय त्याला झोप लागायची नाही.

म्हणून ऑगस्टात त्याने बेथेल या जवळच्या शहरातल्या एका दुकानात फोन लावला. फोनवर बाहेरून आलेला कुणी तरुण होता.

"तंबू कशासाठी हवाय, काका?"

इव्हॉनने खिडकीकडे पाहिलं. उघडी होती. "असाच."

"फिरायला जाणार का?"

"वारा बरा असला तर."

"किती जण?"

"बायको आली तर दोघं."

"सामान बरंच असेल?"

"जाताना नाही. येताना असेल थोडं. असलंच तर."

"पाऊस लागेल का तिकडे?"

इव्हॉनने भुवया वर केल्या. तरुणाने थोडा वेळ वाट पाहिली आणि पाऊस नाही असं धरलं.

छोट्या विमानातून पुडकं आलं. पावाएवढं. इव्हॉनचा आतेभाऊ झखार ते उघडायला आधीच येऊन बसला होता. आतेभावाने टिंगल करायची आणि मामेभावाने रागवायचं नाही, हा तिथला रिवाज, आणि झखार रिवाजाला पक्का होता.

"हा तंबू आहे की टोपी?"

"उलगडला की मोठा होतो."

तो नारिंगी निघाला. छप्पर सगळं जाळीचं, निजून तारे बघायला. त्यांनी तो अंगणात उभा केला. ओलिंका आत जाऊन बसली. तिचे पाय बाहेर राहिले. झखारने बादलीभर पाणी वरून ओतलं.

"माशी एकही आली नाही," आतून ओलिंका म्हणाली. "नदी तेवढी आली."

"वहिनी, तारे दिसतात का?"

"दिवसाढवळ्या दिसले, भावोजी."

इव्हॉनने खिशातला साल्मन काढला आणि न खाता परत ठेवला. ओलिंकाने ते पाहिलं. अंग पुसून ती घरात गेली आणि तिने स्वतः दुकानाला फोन लावला. झखार मागोमाग येऊन बिस्किट खात बसला.

"माझ्या नवऱ्याचा आतेभाऊ आहे, झखार," ती फोनवर म्हणाली. "तो मूस मारणार आहे."

झखारचं बिस्किट तोंडाशीच थांबलं.

"मोठा मूस. गावातला सगळ्यात मोठा मीच मारणार, म्हणतो. पाऊस, चिखल, माशा, ओले मोजे, सगळं त्याच्या नशिबी आहे. त्याला कसला तंबू लागेल?"

"वहिनी, हळू! खिडकी उघडी आहे!"

"राहू दे. उकडतंय."

आता तरुण भडाभडा बोलायला लागला. दुहेरी छप्पर घ्या, म्हणजे आतली वाफ थेंब होऊन अंगावर पडणार नाही. शेगडीच्या नळीला भोक असलेला घ्या, कपडे वाळतील. तळाचं कापड जाड घ्या, शेगडीपुरतं गुंडाळता येणारं. आणि जाळी अगदी बारीक घ्या, साधी जाळी डासांना अडवते, काळ्या माशांना नाही.

"तोच द्या," ओलिंका म्हणाली. "त्याच्याच नावाने पाठवा."

खोकं आलं त्यावर झखारचं नाव होतं. झखारने ते लपवतछपवत, नाव छातीशी धरून इव्हॉनच्या दारात आणून टाकलं. "मूसला वाचता येत नसेल तर बरं," तो म्हणाला.

ओलिंकाने टीव्हीवर चादर टाकली आणि होडीत जाऊन बसली.

वर गेल्यापासून पाऊस थांबला नाही. तंबूत शेगडी पेटली होती, दोरीवर मोजे वाळत होते. ओलिंका म्हणाली, "अहो, बोट लावा बघू."

इव्हॉन कचरला. मग लावलं. कोरडं. त्याने भुवया वर केल्या आणि बराच वेळ खाली आणल्या नाहीत. त्या रात्री ती घोरली.

मूस त्यांच्याकडे आला. झखारकडे आला नाही. झखारच भिजून, रिकाम्या हाताने, त्यांच्याच शेगडीपाशी येऊन बसला.

"तुमचा मोठा कुठंय, भावोजी?"

"तुमच्याकडे राहायला गेला, वहिनी."

घरी परतल्यावर पहिलं मांस म्हाताऱ्यांकडे गेलं आणि मागची एक तंगडी झखारकडे.

तंबूत एकच खोट होती. भिंत आणि तळाचं कापड यांच्यामध्ये बोटभर फट. तिथून आलेल्या माशा इव्हॉनला चावल्या होत्या; त्याने ओलिंकाला सांगितलं नाही. हिवाळ्यात त्याने वडिलांचा जुना कॅनव्हास फाडला आणि तंबूच्या खालच्या कडेला चारी बाजूंनी झालर शिवायला घेतली. आधी ओलिंकाची बाजू. मग दाराची. मग शेगडीची. स्वतःची बाजू शेवटी ठेवली. ती अर्धी झाली असताना एका सकाळी तो नदी बघायला उठला नाही.

वसंतात झखारला नात झाली. तिथे नव्या बाळाला गेलेल्या माणसाचं नाव देतात, आणि तो माणूस ज्याचा जो होता, बाळ त्याचं ते होतं. मुलीला इव्हॉनचं नाव मिळालं. झखार पाळण्यापाशी बसून तिची टिंगल करतो. ती रागवत नाही.

तंबूची उरलेली बाजू शिवून देतो, असं झखार दोनदा म्हणाला. ओलिंकाने कॅनव्हासला हात लावू दिला नाही. ती बाळाला मांडीवर घेऊन तंबूपाशी बसते.

"अहो," ती बाळाला म्हणते, "तुमची बाजू राहिलीय."

बाळ भुवया वर करतं. सुई अर्ध्यावर टोचलेली, तशीच आहे.