उजव्या पात्याची धार

सुधाकर गांगुर्डे गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलमध्ये वारले. वय एकोणसत्तर. कारण हृदयविकार. फोन त्यांच्या पत्नीचा, कमलकाकूंचा होता. "अरे, काका गेले," त्या म्हणाल्या. "तुझ्या पेपरात दोन ओळी देशील ना?" ओळी दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांत जे मावलं नाही, ते इथे.

खडकीच्या कारखान्यातून ते साठच्या दशकात इंग्लंडला आले आणि कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये वीस वर्षं पोलाद घासायच्या ग्राइंडरवर उभे राहिले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो कारखाना बंद झाला. शेजारच्या गावातल्या आइस रिंकवर झाडलोटीचं काम मागायला ते गेले, तेव्हा तिथे एक माणूस बर्फावरची हॉकी खेळणाऱ्यांच्या बुटांखालच्या पात्यांना धार लावत होता. गांगुर्डे पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "चांगलं पोलाद नासवतोयस." महिन्याभरात ग्राइंडर त्यांच्याकडे आला. "खडकीला तोफगोळे, इथे बुटांचे सुरे," कमलकाकू म्हणत. "साधं काम म्हणून यांना मिळायचं नाही." खेळाडू त्यांना सिड म्हणत. तिथल्या संघाचा कॅप्टन टेरी विचारी, "सिड, तू कधी बर्फावर का उतरत नाहीस?" त्यावर उत्तर ठरलेलं होतं : "पडायला तुम्ही आहात की."

या बुटांच्या पात्याला दोन धारा असतात, मधे खोबण. खोबण खोल असली की धार बर्फात रुतते, खेळाडू जोरात वळू शकतो. उथळ असली की पाय घसरतो. कोणती धार किती झिजली यावरून कोण कोणता पाय राखून खेळतोय, हे गांगुर्ड्यांना कळे. त्यांचा नियम होता, दिसलं ते ज्याचे बूट त्यालाच सांगायचं. कोचला नाही. मी त्या संघाचा बातमीदार, दर शनिवारी विचारायचो, "काका, काही बातमी?" ते म्हणायचे, "थंडी आहे. छाप."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या मार्चमध्ये टेरीच्या उजव्या पात्याची आतली धार झिजेनाशी झाली. तो त्या पायावर जोर देत नव्हता. सोळा हंगाम खेळून तो निवृत्त होणार होता, आणि हंगामाचे शेवटचे सामने एप्रिलमध्ये लंडनला, वेम्बलीला होते. आमच्या संघात रिवाज होता, निवृत्त होणाऱ्याने अखेरच्या सामन्यानंतर बर्फावर एकट्याने एक फेरी मारायची; बाकीचे कडेला उभे राहायचे. गांगुर्ड्यांनी टेरीला पात्याचं सांगितलं. तो म्हणाला, "माहितेय. वेम्बली होऊ दे." कोचला कोणीच काही सांगितलं नाही.

उपांत्य सामन्याच्या सकाळी गांगुर्ड्यांनी उजवी खोबण नेहमीपेक्षा उथळ केली. हे मात्र ज्याचे बूट त्यालाही सांगितलं नाही. शेवटच्या मिनिटांत संघ एका गोलने मागे होता. टेरी गोलसमोर मोकळा सापडला, उजव्या पायावर वळला, आणि पाय सरकून पडला. रबरी चकती कठड्याकडे निघून गेली. सामना गेला, हंगाम संपला. ड्रेसिंग रूमचं दार उघडं होतं. मी दारात होतो.

"उजवं पातं मी उथळ केलं होतं," गांगुर्डे टेरीला म्हणाले. "रुतलं असतं तर गुडघा गेला असता."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"माझी शेवटची मॅच होती, सिड."

"हो."

टेरीने बूट काढले. बाहेर लोक फेरीसाठी थांबले होते... तो गेला नाही.

परतताना बसमध्ये गांगुर्डे माझ्या शेजारी बसले. "नियम माझा होता, मीच मोडला," ते म्हणाले. "छापायचं तर छाप." मी छापलं नाही. बातमीत एवढंच होतं की कॅप्टन घसरला. त्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं. पुढे दर ख्रिसमसला कमलकाकू म्हणत, "अहो, त्या टेरीला एक कार्ड तरी टाका." ते विचारत, "काय लिहू?" कार्ड गेलं नाही. तिकडूनही आलं नाही.

अंत्यविधीला टेरी आला. पेपरातल्या दोन ओळी त्याने वाचल्या होत्या. आत त्रिशरण चालू होतं. ते संपेपर्यंत तो दाराशी उभा राहिला. मग मला म्हणाला, "वेम्बलीनंतर पुढच्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेलो होतो. तो म्हणाला, अजून एक झटका बसला असता तर पाय आयुष्यभर वाकला नसता."

"हे काकांना कळवलं होतंस?"

"नाही."

कमलकाकू पहिल्या रांगेत होत्या. टेरी त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला. तो त्यांच्याशी काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. चार-पाच मिनिटांनी तो, कशाचाही आधार न घेता, उठला.