आधी बंद, मंग हात

मशीनजवळ कोणी गेलं की तो दोन्ही हात पाठीमागे बांधून दाखवायचा आणि म्हणायचा, "आधी बंद, मंग हात." साठ-बासष्टची गोष्ट. आमच्या अमरावतीच्या वस्तीत लग्न असो की सभा, माइक, भोंगे आणि आवाज वाढवणारं ते मशीन त्याचंच.

तुमच्याही गावात असा एखादा हट्टी असेलच. एकदा पुढाऱ्याचं भाषण रंगात आलं आणि भोंग्याची तार निसटली. यानं सरळ मशीन बंद केलं, तार जोडली, मग चालू केलं. त्या काळचं मशीन, आतले दिवे तापेस्तोवर ढिम्म! पुढारी आ वासून उभा. आम्ही कमिटीवाले त्याच्यावर तडकलो, तर म्हणतो कसा, "भाषण काय, उद्याबी व्हते. मानूस कुठून आनू?"

मशीनपाशी तो कोरडा लाकडी पाट ठेवायचा आणि चपला घालून त्यावरच उभा राहायचा. आम्ही त्याला भित्री भागूबाई म्हणायचो. तोही हसायचा.

त्या जयंतीला त्याची पोरगी बोलणार होती. वस्तीतली बाई तोवर माइकवर बोलली नव्हती. आठ दिवस तो भेटेल त्याला सांगत होता की पोरगी बोलणार आणि तिची माय ऐकणार. धूळ बसावी म्हणून मैदानात पाणी शिंपडलेलं. वंदनेला सगळ्यांनी चपला काढल्या, त्यानंही काढल्या. पोरगी ठेंगणी, टेबलामागे दिसेना. यानं आपला पाट उचलून तिच्या पायाखाली दिला.

दोन वाक्यं झाली आणि बायकांकडचा भोंगा गेला. ऐकू येत नाही म्हणून बायका ओरडल्या. पोरगी घाबरून थांबली. आता मशीन बंद केलं तर ही रडत खाली उतरेल, हे बापाला कळलं असावं.

"बोल माय, बोल," तो म्हणाला आणि मशीनच्या मागे वाकला.

बंद न करता. तो! मला अजून पटत नाही हो.

भोंगा बोलू लागला. पोरीचा आवाज खणखणीत चढला. मशीनमागे तो ओल्या जमिनीवर पडला होता, तार मुठीत. मी धावत जाऊन मेन स्विच ओढला. पोरीचा आवाज मधेच तुटला.

बायकांकडे टाळ्या मात्र चालूच होत्या. त्यात तिची मायही होती.