यामिनीचा नारळ

रविवारी सकाळी आमच्या मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या रस्त्यांवर चिटपाखरू नसतं, तरी यामिनी शिंत्रे स्टॉपच्या पाटीपाशी गाडी पुरती उभी करते. डावीकडे बघते, उजवीकडे बघते, पुन्हा डावीकडे बघते आणि मगच निघते. शेजारच्या सीटवर बसून मी वर्षानुवर्षं चरफडत आले आहे. मी लतिका, तिची शेजारीण. माझ्या अंगात धीर नावालाही नाही आणि तिच्या अंगात तो इतका आहे की समोरच्याचा संपतो.

यामिनी मूळची नागपूरची, तिथेच इंजिनियर झाली. इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तिनं सारी नोकरी सीटबेल्ट तपासण्यात घालवली. पट्टा तुटेपर्यंत ओढायचा आणि नेमका कुठे तुटला ते बघायचं, हे तिचं काम. हाताखालच्या पोरांना ती सांगायची, "बेल्ट पास झाला पाहिजे असं मनात धरून मशीन सुरू करू नका." नियम तिला जाचत नाहीत. उलट नियमाचं पुस्तक हातात पडलं की ती शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि मग आम्हाला वाचून दाखवते.

अशी ही बाई, नवरा गेल्यावर मात्र भलत्याच नियमाला धरून बसली. सत्यजित गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक हळदीकुंकवाला यामिनी येते ती थेट स्वयंपाकघरात शिरते. कॉफी करते, पेले विसळते, नाहीतर गळ्यात कॅमेरा अडकवून सगळ्यांचे फोटो काढते. तिला कुणी काही म्हटलेलं नाही. म्हणायची टाप कुणाची! पण कुंकवाचा करंडा पुढे आला की ती आपली आपणच एक पाऊल मागे सरकते. मला याचा भयंकर राग येतो. तिचा येतो, आपल्या चालीरीतींचा येतो, आणि "जाऊ दे ना, तिच्या मनाप्रमाणे होऊ दे" म्हणणाऱ्या शहाण्या बायकांचा तर सर्वांत जास्त येतो.

मागच्या हिवाळ्यात तिच्या लेकीला, रुचाला दिवस गेले. रुचा इथेच वाढलेली, मराठी समजतं सगळं, उत्तरं निम्मी इंग्रजीत. तिला डोहाळजेवण हवं होतं आणि तेही होडीतलं. आपल्याकडे पुठ्ठ्याची होडी करून तिच्यात पोटुशीला बसवतात, तसला फोटो तिनं कुठेतरी पाहिला होता. तिचा नवरा केदार म्हणाला, "पुठ्ठ्याची कशाला? खरीच घेऊ." आणि त्यानं फ्लोरिडाहून बहामाजला जाऊन येणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. जहाजवाले सहावा महिना सरत आला की गरोदर बाईला चढू देत नाहीत, म्हणून सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण पाचव्यात आलं. शास्त्रापुढे न झुकणारी माणसं तिकिटाच्या अटींपुढे मात्र कशी पटकन झुकतात!

जायच्या आधी रुचानं आईला स्पष्ट सांगितलं, "आई, माझी ओटी तू भरायचीस. तू फर्स्ट. बाकी सगळे नंतर."

"बघू," यामिनी म्हणाली.

"बघू" म्हणजे नाही, हे मला कळलं, रुचाला कळलं नाही. म्हणून मी निघाले तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की जहाजावर काहीही होवो, या बाईच्या हातून लेकीची ओटी भरून घ्यायचीच. मला त्या प्रवासातून दुसरं काही नको होतं. समुद्र तर मला लागतोच.

ग्लोबल एंट्रीचं कार्ड आम्हा सगळ्यांकडे होतं, तेही यामिनीमुळेच. अर्ज भरा, मुलाखत द्या, बोटांचे ठसे द्या, मग सरकार तुम्हाला विश्वासू प्रवासी म्हणतं आणि देशात परत येताना वेगळ्या, छोट्या रांगेतून सोडतं. तिनं मानगुटीला बसून आमचे अर्ज करून घेतले होते. केदारची आई वसुधाताई तेवढ्या लांब एडिसन गावी राहणाऱ्या, त्यांनी कंटाळा केला होता. "परत येताना रुचा लांब रांगेत उभी राहणार नाही, हे बघायचं," यामिनी म्हणाली. सरकारनं पारखून घेतलेली ही विश्वासू बाई, आणि स्वतःच्या हाताचा मात्र तिला विश्वास नाही. मी हे तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "बॅग भर तू तुझी."

डोहाळजेवण छान झालं. जहाजावरच्या एका लाउंजचा कोपरा केदारनं मागून घेतला होता. खिडकीबाहेर निळं पाणी, रुचाच्या अंगावर हिरवी साडी, केसांत दुकानातल्या कापडी फुलांचा गजरा. वसुधाताईंनी पाट नव्हता म्हणून खुर्चीवर शाल घातली, कुंकवाचा करंडा उघडला आणि आपणहून म्हणाल्या, "या विहीणबाई, आधी तुम्ही."

यामिनीनं कॅमेरा डोळ्याला लावला. "उजेड फार छान आलाय," ती म्हणाली. "तुम्ही भरा, मी फोटो घेते."

"आई, प्लीज," रुचा म्हणाली.

"अगं, हलू नकोस. फोटो हलतो."

रुचा हलली नाही. वसुधाताईंनी भरली, मी भरली. रुचाच्या ओटीत तांदूळ पडले, नारळ पडला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी पडलं. ते फोटोतही आलंय, चांगलं ठळक. मला त्या क्षणी तो कॅमेरा काढून समुद्रात भिरकावावासा वाटला. वसुधाताईंचा नारळ त्याच संध्याकाळी फोडून आम्ही साखरेबरोबर खाल्ला, आणि माझ्या मते विषय तिथे संपला.

संपला नव्हता. परतीच्या सकाळी फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलचं बंदर दिसायला लागलं तेव्हा आम्ही दोघी खोलीत बॅगा आवरत होतो. यामिनीनं आपल्या हातबॅगेतून एक पिशवी काढली, आत बघितलं आणि पुन्हा आत ठेवली. मी ती ओढून घेतली. खणात गुंडाळलेला नारळ होता, छानशी झुपकेदार शेंडी असलेला. बरोबर तांदळाची पुडी आणि हळदीकुंकवाच्या पुड्या.

"हे काय गं?"

"ट्रॉयहून आणला होता," ती म्हणाली. "रुचासाठी."

म्हणजे बाईसाहेबांनी इंडियन स्टोअरमध्ये जाऊन चार नारळ कानाशी हलवून एक निवडला होता, खण आणला होता, आणि नारळाच्या झाडांनी भरलेल्या बेटांवर मिशिगनचा नारळ फिरवून आणला होता! ओटी भरायची इच्छा होती. हातच पुढे आला नव्हता. मला तिला मिठी मारावी की चार शब्द सुनवावे ते कळेना, म्हणून मी सुनवले.

ती ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "आता प्रश्न तो नाही. हा कस्टम्सला डिक्लेअर करावा लागेल."

"वेडी आहेस का? आपल्याच दुकानातला आहे!"

"देशाबाहेर जाऊन आला ना. आता परत येताना तो बाहेरचाच."

मी म्हटलं, माझ्या कपड्यांत गुंडाळते, कुणी विचारलं तर नाही म्हण. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी सीटबेल्ट कात्रीनं कापायला निघाले होते. केदार दारात आला होता, तो म्हणाला, "मावशी, समुद्राला देऊन टाकू या ना. पुण्यच लागेल." त्यावर यामिनीनं त्याला जहाजावरून पाण्यात काहीही टाकायला कशी मनाई आहे ते समजावून सांगितलं. मग मी शेवटचं बोलले, "त्यांनी कचऱ्यात टाकला तर?"

यामिनीचा चेहरा उतरला. "टाकला तर समजेन की देणं माझ्या हातात नव्हतंच."

मला धडकीच भरली. त्या नारळाचं काही झालं असतं तर ही बाई जन्मभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नसती. बारशालाही नाही.

"म्हणून तर म्हणते, लपवू दे मला," मी म्हणाले.

"नाही. माझ्या नातवंडासाठी पहिली वस्तू घेतली मी. ती खोटं बोलून नेणार नाही." आणि मग तिच्या तोंडी एकदम नागपूर आलं, "तू काय करून राहिली आहेस? ठेव ती पिशवी इकडे!"

खाली उतरल्यावर मोठी रांग बंदराच्या इमारतीभर वळसे घेत गेली होती. वसुधाताई तिच्या शेपटाला जाऊन उभ्या राहिल्या. आमची रांग छोटीशी. चेहऱ्याचा फोटो निघाला, नाव पडद्यावर आलं, आणि अधिकाऱ्यानं सवयीनं विचारलं, "फळं, भाज्या, झाडं, खाण्याचं काही?"

"हो," यामिनी ठणठणीत आवाजात म्हणाली. "एक नारळ आणि तांदूळ."

झालं. आम्हाला चौघांनाही बाजूच्या तपासणीच्या टेबलाशी पाठवलं. रुचाला बसायला खुर्ची मिळाली, एवढंच बरं. तिथल्या बाई मोठ्या सौजन्याच्या होत्या. त्यांनी खण उलगडला आणि शेंडीसकट नारळ हातात धरून विचारलं, "कुठून आणलात?"

"ट्रॉय, मिशिगन."

"तुम्ही मिशिगनहून बहामाजला नारळ नेलात?"

"हो."

"आणि परत आणलात."

"हो," यामिनी म्हणाली. तिला यात विनोदी काही दिसलंच नाही.

बाईंनी तांदूळ बाजूला ठेवले, ते जप्त होणार हे सांगितलं. मग शेंडी बोटांत धरून म्हणाल्या, की नारळ स्वच्छ सोललेला असेल तर सोडता येतो, पण काथ्या असला तर नाही. नियम आहे.

मी हादरलेच. शेंडी काढलेला नारळ आपण ओटीत घालतो का कधी? देवापुढे ठेवतो का? मी इंग्रजीत भांडायच्या तयारीत तोंड उघडलं, पण यामिनीनं माझा दंड दाबला. रुचा खुर्चीतून उठून जवळ आली होती.

"काढला तर सोडाल?" यामिनीनं विचारलं. "सगळा काढला तर?"

"सगळा निघाला तर मी पुन्हा बघेन."

"मी काढते."

त्यांनी मान हलवली, खाली कचऱ्याचा डबा सरकवला. यामिनीनं नारळ पोटाशी धरला आणि शेंडी उपटायला लागली. तो कोरडा, राठ काथ्या काही सहजासहजी सुटत नाही. केदार म्हणाला, "द्या मी करतो." ती म्हणाली, "नको." रुचा म्हणाली, "आई, लीव्ह इट, इट्स ओके." ती म्हणाली, "नको म्हटलं ना." एकेक झुबका मुठीत धरून ओढायची, डब्यात टाकायची, पुन्हा ओढायची. नख मोडलं, बोटाला रक्त आलं, ते तिनं रुमालाला पुसलं आणि नारळाच्या डोळ्यांभोवतीचे बारीक धागे नखानं खरवडायला सुरुवात केली. बाजूनं माणसं बॅगा ढकलत जात होती आणि वळून बघत होती. सहा वर्षं मागे मागे सरकणारी ही बाई भर सरकारी टेबलापाशी पाय रोवून उभी होती. कुणी काही मदत करू नये असं मला वाटलं. मी तर देवाचं नाव घेतलं, जे मी एरवी घेत नाही.

अखेर तिनं नारळ टेबलावर ठेवला. पार गुळगुळीत, बोडका. बाईंनी तो फिरवून फिरवून बघितला, उजेडात धरला.

"कुणासाठी आहे हा?" त्यांनी सहज विचारलं.

"माझ्या मुलीसाठी," यामिनी म्हणाली. "तिला बाळ होणार आहे. मी देणार आहे तिला."

रुचानं माझा हात इतका घट्ट धरला की मला ओरडावंसं वाटलं.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या आणि नारळ परत केला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मोठ्या रांगेतल्या वसुधाताई केव्हाच्या बाहेर येऊन सामानावर बसल्या होत्या. "हीच का तुमची फास्ट लाइन?" त्यांनी हसत विचारलं. मग त्यांचं लक्ष यामिनीच्या हाताकडे गेलं. आम्ही सगळं सांगितलं. वसुधाताई मनानं चांगल्या आहेत, अगदी काळजीनं म्हणाल्या, "अहो विहीणबाई, शेंडी गेली हो त्याची. असा चालायचा नाही. एडिसनला घरासमोरच दुकान आहे, मी दुसरा पाठवते, चांगलासा."

केदारनं बोलावलेली गाडी समोर येऊन थांबली होती, ड्रायव्हर डिकी उघडत होता. मला वाटलं, इथे ती "बरं" म्हणणार आणि मागे सरकणार, सहा वर्षांची सवय आहे.

"चालायचा नाही?" यामिनी म्हणाली. "कोणाला?"

वसुधाताई सामानावरून उठल्या.

"मला चालतो. दुसरा नको. हाच देणार, आणि मीच देणार." तिनं हातबॅग फुटपाथवर ठेवली, कुंकवाची पुडी फोडली. "रुचा, समोर ये."

रुचाच्या अंगावर साडी नव्हती, पदर नव्हता, केदारचा ढगळ टी-शर्ट होता. तिनं त्याची कड दोन्ही हातांत धरून पुढे केली. यामिनीनं तिला कुंकू लावलं, बोटाच्या रक्ताचा थोडा डाग लागला तो रुमालानं पुसून पुन्हा नीट लावलं. मग खण आणि त्यावर तो बोडका नारळ, दोन्ही हातांनी, घाई न करता तिच्या ओटीत ठेवला. ड्रायव्हर डिकीला टेकून बघत राहिला. मी भर रस्त्यात रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

"आई, जड आहे गं," रुचा रडत हसत म्हणाली.

"असू दे," यामिनी म्हणाली. "नीट धर."